अकरा दिवसांच्या नोंदी

रुग्णालयाच्या तळघरात, सर्व्हर ठेवलेल्या खोलीत ती चौदा वर्षं एकटीच काम करत होती. वरचे लोक तिला 'गारठ्यातल्या ताई' म्हणत. हे तिच्या कानावर आलं होतं, पण भर उन्हाळ्यातही ती तिथे स्वेटर घालून बसायची, त्यामुळे रागवायला जागा नव्हती.

एका मंगळवारी सकाळी आठ हार्ड डिस्कच्या रांगेत तिसरीचा दिवा पिवळा झाला. घाबरण्यासारखं काही नव्हतं. एखादी डिस्क गेली तरी उरलेल्या सात वेळ निभावून नेतात आणि नवी बसवली की तिच्यावर सगळं पुन्हा भरून देतात. तिने कपाटातून नवी डिस्क काढून जुनीच्या जागी सरकवली. पडद्यावर टक्के चढू लागले. एकेचाळीसवर सहावी डिस्क करकरली आणि बंद पडली. दोन डिस्क एकदम गेल्या की उरलेल्यांचा उपयोग नसतो.

बॅकअप दुसऱ्या इमारतीत होता. दिवसभर ती तो उतरवत बसली. वरून सारखे फोन येत होते आणि संध्याकाळपर्यंत होईल, एवढंच ती प्रत्येकाला सांगत होती. झालंही, एक फोल्डर सोडून. फिजिओथेरपीच्या नोंदी अकरा दिवसांपूर्वी तिनेच नव्या जागी हलवल्या होत्या आणि ती जागा बॅकअपच्या यादीत टाकायची राहून गेली होती. त्याआधीचं सगळं परत आलं. ते अकरा दिवस आले नाहीत.

फोनवर सांगता आलं असतं, पण ती जिना चढून दुसऱ्या मजल्यावर गेली.

फिजिओथेरपीचे डॉक्टर साठीला टेकलेले, मोजकं बोलणारे. ते टॉवेलांच्या घड्या घालत होते. तिने उभ्या उभ्याच सगळं सांगितलं, चूक कुणाची तेही.

"सगळं गेलं?" त्यांनी विचारलं.

"अकरा दिवसांचं. माझ्यामुळे."

त्यांनी हातातली घडी पुरी केली. मग म्हणाले, "उद्या सकाळी या. मी आठवून सांगतो, तुम्ही टाइप करा. मला दोन बोटांनीच येतं."

चार दिवस ती त्यांच्या टेबलाशी बसली. प्रत्येक नोंदीपुढे 'आठवणीतून' असं ती लिहीत होती. डॉक्टरांना नावं आठवत नसत, पण कुणाचा हात कानापर्यंत जातो आणि कुणाचा खांद्यापाशीच अडतो, हे त्यांना चोख ठाऊक होतं. अडलं की ते आलेल्या पेशंटलाच विचारत. डाव्या गुडघ्याच्या एक आजी आपण गेल्या सोमवारी वीस पावलं चाललो म्हणून हटून बसल्या. डॉक्टरांना चौदा आठवत होती. तिने चौदा लिहिली आणि पुढे 'आजींच्या मते वीस' असं जोडलं. ते वाचून डॉक्टर हसले. दुपारी विभागातले तिघं-चौघं त्याच टेबलावर डबे उघडत आणि तिच्यासाठी जागा करत.

पहिल्या संध्याकाळी घरी गेल्यावर तिच्या लक्षात आलं, की घसा बसलाय. बोलण्याने घसा बसतो, हे ती विसरूनच गेली होती.

शनिवारी शेवटची नोंद झाली. डॉक्टरांनी मनापासून आभार मानले आणि ती खाली आली. यादी तिने केव्हाच दुरुस्त केली होती. आता दर गुरुवारी ती बॅकअपमधून एखादं फोल्डर उतरवून पाहत असे. सगळं जिथल्या तिथे असायचं. तीन आठवडे फोन वाजला नाही.

मग एका दुपारी ती पुन्हा दुसऱ्या मजल्यावर गेली. तिला पाहताच डॉक्टर काळजीने उठले.

"काय बिघडलं?"

सहजच आले, हे तिच्या ओठांवर आलं होतं. पण कीबोर्ड बघायचाय, असं ती म्हणाली. त्यांनी लगेच खुर्ची रिकामी करून दिली आणि ते कापडी पडद्यापलीकडे पेशंटकडे गेले. तिने कीबोर्ड उलटा करून झटकला, एकेक बटण पुसलं. पलीकडे डॉक्टर कुणाची तरी पावलं मोजत होते. पुसून झाल्यावरही ती थोडा वेळ बसून राहिली. मोजणी चालूच होती. तिने खुर्ची आत सरकवली आणि ती जिन्याने खाली गेली.