तिलगवतीअम्मांची कॉफीगिरणी

गळ्यात ‘हात लावू नका’ अशी पाटी अडकवलेली मी एक जुनी कॉफीची गिरणी आहे, मित्रांनो. बिडाचं अंग, पितळेचं पसरट तोंड आणि बाजूला लाकडी मुठीचा दांडा. कोइमतूरच्या एका ओतशाळेत मी जन्मले आणि पुदुच्चेरीला तिलगवतीअम्मांच्या घरी आले.

आमच्या गल्लीत दुपारी कुत्रीसुद्धा भुंकत नसत. टोकाला संग्रहालय होतं आणि मधोमध अम्मांचं कॉफीचं दुकान. दुकान म्हणजे घराची ओसरीच. नवरा गेल्यावर अम्मांनी ते दुकान एकटीनं चालवलं. सकाळी त्या बिया भाजत, माझ्या तोंडात ओतत आणि दांडा फिरवू लागत. तो वास पार संग्रहालयापर्यंत जाई. तिथला पहारेकरी अरुळप्पन रोज येऊन म्हणे, “अम्मा, आमचे दगडाचे देवसुद्धा आज नाक वर करून बसलेत!”

“मग आण की त्यांना. पण पेले त्यांनीच विसळायचे हं!” अम्मा म्हणत.

माझं पोट तेव्हा कधी रिकामं राहिलं नाही. मला त्याचा फार गर्व होता.

पुढं परगावचे पाहुणे येऊ लागले. घरांना पिवळे रंग लागले, ओसऱ्यांवर कॅफे निघाले. अम्मांच्या दिराचा मुलगा इळंगो चेन्नईहून आला. “पेरियम्मा, तू तर माझी मोठी आई,” असं म्हणत म्हणत त्यानं घर आपल्या नावावर करून घेतलं. अर्ध्या घरात कॅफे काढला, अर्ध्यात जुन्या वस्तूंचं संग्रहालय. कॉफी आता परदेशी यंत्र करू लागलं. मला घासूनपुसून चौथऱ्यावर बसवलं, आणि माझ्या शेजारी अम्मांना.

होय मित्रांनो, अम्मांनाही. जरीची साडी नेसवली, कुंकू लावलं, केसांत गजरा माळला.

“अरे, तुझे काका गेले तेव्हापासून मी फूल माळलं नाही रे,” अम्मा कळवळून म्हणाल्या.

“फोटोत मोकळं कपाळ बरं दिसत नाही,” इळंगो म्हणाला.

पाहुणे आले की अम्मांनी माझा दांडा फिरवायचा, एवढंच काम. माझ्या पोटात एक बी नसे. पात्यांवर पाती घासून माझे दात झिजत होते आणि अम्मांचा खांदा निकामी होत होता.

“आज राहू दे ना, इळंगो. हात वर होत नाही.”

“दिवसभर बसूनच तर असतेस! आणि जरा हस. मयताला आल्यासारखी बसतेस, लोक बिचकतात.”

कॉफी पिणारे लोक खुदकन हसले.

एके दुपारी अरुळप्पन आला. तो आता म्हातारा झाला होता. अम्मांनी पदरातून मूठभर बिया काढून गुपचूप माझ्यात टाकल्या आणि दात आवळून दांडा फिरवला. वास उठला! लोक पेले ठेवून आमच्याकडे आले.

इळंगोही आला. “साडी भाड्याची आहे, डाग पडतील, कळत नाही?” म्हणत त्यानं दांडा हिसडला. अम्मांचा हात मूठ आणि चौथरा यांच्यामध्ये सापडला. हाड मोडलं. मी मोडलं ते, मित्रांनो. माझ्याच दांड्यानं.

अम्मांना गावाबाहेरच्या वृद्धाश्रमात धाडलं. त्यांच्या जागी कागदाच्या लगद्याची हसरी म्हातारी बसली. मोटार जोडून तिचा हात माझ्या मुठीला बांधला. ती कधी थकत नाही.

महिन्याभरानं अरुळप्पन अम्मांना घेऊन आला. हात गळ्यात बांधलेला होता. अम्मा त्या बाहुलीसमोर येऊन उभ्या राहिल्या.

“मला जरा फिरवू दे रे,” त्या म्हणाल्या. “डाव्या हातानं.”

इळंगो काही बोलण्याआधीच एक पाहुणी मोबाईल उंचावून म्हणाली, “आजी, थोडं बाजूला व्हा ना. तुम्ही फोटोत येताय.”

अम्मा बाजूला झाल्या. इतक्या बाजूला, की दाराबाहेर गेल्या. पुन्हा आल्या नाहीत.

मित्रांनो, मला पुसू नका, तेल घालू नका. माझी विनवणी वेगळीच आहे. जुनं घर पाहायला जाल तेव्हा एकदा मागं वळून बघा. दारात कोणी अवघडून उभं असेल, तर त्या माणसाला आधी बसायला खुर्ची द्या.