पलीकडच्या काठाचा धूर

सुज्ञ वाचकहो, प्रस्तुत कथेत शेवाळतळे या तलावकाठच्या लहानशा गावाची भूरचना, तेथील लोकवस्ती आणि ती सांगताना एका सद्गृहस्थाच्या हातून घडलेला प्रमाद यांचे यथामती वर्णन केले आहे.

वैजापूर तालुक्यातील हे गाव तीन दिशांनी माळाने वेढलेले असून चौथ्या दिशेस तलाव पसरला आहे. अलीकडच्या काठावर गावठाण, मंदिर व कांद्याची शेते आहेत. उन्हाळ्यात पाणी हटते, तेव्हा उघड्या पडलेल्या गाळात लोक काकडी-टरबूज लावतात. पावसाळ्यात मात्र तलावास मिळणारा ओढा फुगतो आणि पलीकडचा काठ गावापासून तुटतो. त्या काठावर धनगरांची घरे आहेत.

रामेश्वर हा ग्रामपंचायतीचा मेंबर. गावाची माहिती सांगावी तर त्यानेच, असा त्याचा लौकिक. ओढ्यावर साकव, म्हणजे पायी जाण्याचा लहान पूल, कोठे बांधावा हे ठरविण्यास तालुक्याहून साहेब येणार होते. पलीकडे वस्ती आहे किंवा कसे, हे रामेश्वराने सांगावयाचे होते. ओढ्यातला चिखल तुडविण्याचा कंटाळा करून त्याने गिरणीवर दळण घेऊन आलेल्या पलीकडच्या मुंजाबालाच गाठले.

"काय मुंजाबा, तिकडं राहता का तुम्ही?"

"बसलोय की मेंबर, समदेच," मुंजाबा हाताचे पीठ झटकत म्हणाला.

मेंढपाळ खतासाठी कुणाच्या रानात चार रात्री मेंढरे बसवितात व पुढे निघून जातात. रामेश्वराने तोच अर्थ घेतला. "पलीकडे कायमची वस्ती नाही," असे त्याने साहेबांस छातीठोकपणे सांगितले आणि साकव मंदिराच्या वाटेत आडव्या येणाऱ्या ओढ्याच्या फाट्यावर मंजूर झाला.

पुढे पाऊस लागला. एके सकाळी मुंजाबाची बायको सखूबाई रेशन घेऊन ओढ्यातील दगडांवरून जात असता पाय घसरून पडली. लोक तिला बाजेवर निजवून कंबरभर पाण्यातून अलीकडे आणत असल्याचे रामेश्वराने स्वतःच्या डोळ्यांनी पाहिले.

पाण्याला उतार पडताच तो पलीकडे गेला. पक्की पत्र्याची घरे होती. मुंजाबाच्या दारातील शेवगा छपराच्याही वर गेला होता.

"बसलोय म्हंजे गाव बसलं म्हणलो मी," मुंजाबा म्हणाला. "मेंढरं तर कवाच इकली."

"मला वाटलं, मेंढरंच बसवलीत."

पायाला प्लास्टर घातलेली सखूबाई बाजेवरून बोलली, "आन् आमच्या चुलीचा धूर? त्यो बी दिसला नाय व्हय?"

रामेश्वराची मान खाली गेली. धूर त्यास रोज सायंकाळी आपल्या ओट्यावरून दिसत असे. शब्द चुकीचा ऐकला, ही सबब होती. परंतु धुरास सबब नव्हती.

मंदिराच्या वाटेवर खोदकाम सुरू व्हायला आले होते. ते थांबवावयाचे तर सर्वांसमोर आपले तोंड उघडणे भाग होते. ग्रामसभेत तो उभा राहिला.

"मी चुकीची माहिती दिली. पलीकडं माणसं राहतात."

"अरे, भूगोलाचा मास्तरच नापास!" मागून कुणी ओरडले.

"मंदिराचा पूल पळवायला निघालास काय रं?" बायकांतून दगडाबाई कडाडली.

"मावशी, देवळाला दुसरी वाट हाय. त्यांना नाय. मला धूर दिसत होता, तरी मी गेलो नाय." सरपंचांनी खोदकाम थांबविले आणि साहेबांस पुन्हा बोलाविण्याचे ठरले.

यावेळी रामेश्वर स्वतः त्यांना घेऊन ओढ्यातून गेला. साहेबांनी सखूबाईस विचारले, "आजी, तुम्ही इथंच राहता ना?"

"व्हय साहेब," ती प्लास्टरवर हात ठेवून म्हणाली. "आधी आमचं धनी नुसतं 'बसलोय' म्हणत व्हते, आता मी तर खरीच बसले."

सारेजण हसले. साहेबही हसले. रामेश्वरास हसू आले नाही. तो ओढ्याकडे तोंड करून, साकवाचे माप घेण्यासाठी टेपचे टोक धरून उभा राहिला.

ही साधीसुधी कथा वेळ काढून वाचल्याबद्दल वाचकांचे मनःपूर्वक आभार.

आपला नम्र,
पुंजाराम त्रिंबक वाघ