मापाड्याच्या नावावर

मापाड्याची धाकटी बहीण सासर सोडून कायमची माघारी आली, त्या वर्षी पाणीपुरवठा कचेरीचा सर्व्हर तुडुंब भरला. एका सकाळी सगळ्यांच्या पडद्यावर "जागा शिल्लक नाही" असं झळकलं आणि अख्खी कचेरी मापाड्याच्या टेबलाभोवती गोळा झाली.

मापाडी हे लोकांनी पाडलेलं नाव. सर्व्हरवर कुणी किती फायली ठेवायच्या, ते माप तो ठरवी. कारकुनाला पाच जीबी, इंजिनिअरला वीस. साहेबांना माप नाही.

"अहो, पाच जीबीत काय मावतं?" बिलं करणारा कारकून कुरकुरला.

"बिलं मावतात. मेहुण्याच्या सहलीचे साडेतीनशे फोटो मावत नाहीत. निम्म्यांत तर तुमचा अंगठाच आलाय."

लोक हसले. मापाडी हसला नाही. वीस वर्षं तो लोकांची फोल्डरं आतून पाहत होता आणि आदर वाटावा असं त्यात त्याला काही सापडलं नव्हतं. एकच पत्र 'अंतिम', 'अंतिम नवीन', 'अंतिम नवीन खरं' अशा नावांनी अकरा वेळा साठवणारी ही जमात!

अपवाद एकच, नकाशावाली बाई. जमिनीखालचा प्रत्येक नळ, प्रत्येक व्हॉल्व्ह तिने तीस वर्षांत कागदावर उतरवला होता. कागदांना वाळवी लागली, तेव्हा उरलेले स्कॅन करून तिने सर्व्हरवर ठेवले.

साहेबांनी मापाड्याला आत बोलावलं. "त्या बाईंनी केवढी जागा अडवलीय! उडवा ते."

"नकाशे आहेत साहेब. पाइप फुटला तर कुठे खणायचं, ते त्यात आहे."

"आजवर खणलंच ना आपण? संध्याकाळपर्यंत जागा करा."

साहेबांच्या नावावर त्यांच्या स्वतःच्या सत्काराची फिल्म होती. तीच, तीनदा. मापाड्याने त्यातल्या दोन उडवल्या. सत्काराला आलेल्यांनीही ती दुसऱ्यांदा पाहिली नसती. नकाशे त्याने जागचे हलवले नाहीत, फक्त बाईंचं नाव काढून मालक म्हणून स्वतःचं नाव घातलं. फाइल कुठे आहे हे सर्व्हर बघत नाही, कुणाच्या नावावर आहे ते बघतो. बाईंच्या नावापुढे शून्य दिसलं. साहेब खूश झाले.

"भाऊ, माझे नकाशे आहेत ना?" बाईंनी घाबरत विचारलं.

"दिसतायत ना? मग काम करा."

घरी जेवताना तो बहिणीला म्हणाला, "आज एक गंमत केली. कुणाला पत्ता नाही."

"मग सांगून ठेव की, दादा."

"कुणाला? त्या माठांना?"

"मला तरी सांग."

"तुला काय कळणार!"

बहिणीने त्याच्या ताटात भात वाढला आणि पुन्हा विचारलं नाही.

नोकरी सोडलेल्या किंवा मेलेल्या माणसाच्या नावावरचं सगळं, ते कुठेही असो, नव्वदाव्या दिवशी आपोआप पुसलं जाईल, हा नियम मापाड्यानेच घातला होता. स्वतःच्या नावावरच्या फायलींची राखीव प्रत काढायची नाही, हेही त्यानेच ठरवलं होतं. उगाच जागा अडवणाऱ्यांतले आपण नाही, याचा त्याला ताठा होता. मरणाऱ्यांत त्याने स्वतःला धरलंच नव्हतं.

चार वर्षांनी, जूनमधल्या एका सकाळी बाईंनी फोल्डर उघडलं. ते रिकामं होतं.

मापाड्याच्या जागी आलेल्या नव्या माणसाने पडद्यावर बोट ठेवलं. "तुमच्या नावावर काही नव्हतंच, मॅडम. हे बघा, शून्य. चार वर्षांपासून."

"मी रोज बघत होते हो ते."

"बघत असाल. तुमचं नव्हतं."

साहेबांची फिल्म जागेवर होती.

बाई टेबलाशी परत आल्या. कपाटातून कोरा कागद काढला, पेन्सिलीला टोक केलं आणि टाकीपासून निघणाऱ्या पहिल्या नळाची रेघ आठवून ओढली. पहिल्या व्हॉल्व्हपाशी त्या बराच वेळ थांबल्या.

मापाडी अकरा मार्चला वारला. नकाशे नऊ जूनला गेले.