अट्राक्टाची कबर कोण खणणार

कोनलने फोन उचलून नंबर दाबायला घेतला, तसा मॅलकी डर्कनने त्याच्या हातावर आपला हात दाबला.

"ठेव खाली."

"बाबा, उद्या अकराला आईला न्यायचंय. जेसीबीवाला तासाभरात कबर खणून देईल. डब्लिनमध्ये सगळे असंच करतात."

"डब्लिनमध्ये शेजारी नसतात. इथे आहेत."

कोनलने फोन ठेवला. बैठकीत अट्राक्टा पेटीत निजली होती, आणि घराचं दार रीतीप्रमाणे सताड उघडं होतं. गाव येऊन गेलं होतं. आले, मॅलकीचा हात हातात घेतला, "वाईट झालं" म्हणाले, अट्राक्टाच्या कपाळाला बोटं लावली आणि चालते झाले. सँडविचच्या ताटांना कुणी शिवलं नाही. चहा करून करून ओतून द्यावा लागला. आणि जे एक वाक्य ऐकायला मॅलकी सकाळपासून दारापाशी उभा होता, ते काही कुणाच्या तोंडून निघालं नाही. क्लूनमोर गावात कबरीसाठी कुणाला सांगावं लागत नाही. चार गडी आपणहून येतात, "कबरीचं आम्ही बघतो" म्हणतात. ते आले नाहीत तर त्याचा अर्थ काय, हे तिथल्या शेंबड्या पोरालाही कळतं.

आणि का आले नाहीत, हेही सगळ्यांना ठाऊक होतं. देशात पैशाचं वारं सुटलं, बाहेरच्या कंपन्या आल्या, बँका कर्ज घ्या म्हणून मागे लागल्या, तेव्हा मॅलकीने नदीकाठचं कुरण बिल्डरला विकलं. त्याच कुरणातून शेजारच्या पॅकी रुआनची गुरं पिढ्यान्पिढ्या पाण्यावर जायची. त्याला कागद नव्हता, नुसता शब्द होता. आणि शब्दाला बाजारात कोण विचारतो? आता तिथे घरांच्या रांगा होत्या, निम्म्या रिकाम्या, आणि मॅलकीच्या अंगणाला बटणावर उघडणारं फाटक. पॅकीने गुरं विकून टाकली. मॅलकी माणूस वाईट नव्हता, असं मयताच्या घरी म्हणायची पद्धत आहे. असू दे पद्धत.

दुपार कलली तेव्हा मॅलकीने कोट चढवला आणि मान खाली घालून पॅकीच्या घरी गेला. पॅकी रिकाम्या गोठ्यात लाकडं फोडत होता. त्याने वर पाहिलं नाही.

"उद्या अकराला आहे," मॅलकी म्हणाला.

"माहीत आहे."

"कबरीचं अजून..."

"कुरण उकरायला कोण आलं होतं रे? ते पिवळं धूड घेऊन? त्यालाच बोलाव. हात बसलाय त्याचा."

"पॅकी, माझ्या बापाची कबर तुझ्या बापाने खणली."

"तुझ्या बापाने आमचं पाणी तोडलं नव्हतं."

"माझी जमीन मी विकली. तुझ्यापुढे तेवढे पैसे कुणी टाकले असते, तर तूही घेतले असतेस."

पॅकीने कुऱ्हाड ओंडक्यात रुतवली आणि पहिल्यांदा त्याच्याकडे पाहिलं.

"घेतले असते कदाचित. पण मग शेजाऱ्याच्या दारात तोंड घेऊन आलो नसतो."

मॅलकी घरी आला, कोट न काढताच खुर्चीत बसला.

"लाव फोन," तो म्हणाला.

सकाळी बापलेक दफनभूमीत पोचले. मागून जेसीबी धडधडत आला. आणि डर्कनांच्या नावाच्या दगडापाशी कबर खणून तयार होती. कडा सुरीने कापाव्यात तशा सरळ, हिरवळीचे चौकोन एका बाजूला नीट रचलेले, तोंडावर कुदळ आणि फावडं फुलीसारखं आडवं ठेवलेलं. भिंतीपाशी पॅकी आणि आणखी तिघे उभे होते, गुडघ्यापर्यंत चिखलाने माखलेले. उजाडल्यापासून खपत असणार.

मॅलकी गाडीकडे गेला आणि व्हिस्कीची बाटली घेऊन आला. खणणाऱ्यांना द्यायची ती बाटली कालपासून तिथेच होती. आशा मोठी चिवट असते. त्याने ती पॅकीपुढे धरली.

पॅकीने खिशातले हात बाहेर काढले नाहीत.

"आमचं मिळालंय आम्हाला. माझ्या आईची कबर खणत होतो तेव्हा भर पावसात चहा घेऊन कोण आलं होतं? तू नाही, अट्राक्टा."

"तरी रीत आहे, पॅकी."

"रीत," पॅकी म्हणाला. बाकीचे तिघे आपापल्या बुटांकडे बघत राहिले.

मॅलकीने बाटली खाली घेतली. तेवढ्यात जेसीबीवाला उतरून आला. परगावचा माणूस, त्याने खड्ड्यात डोकावून पाहिलं.

"काम झालंय की इथलं. मला उगाच बोलावलंत. जाऊ मग?"

"थांब," पॅकी म्हणाला. "कार्ड आहे का तुझं?"

"आहे ना."

"यांना देऊन ठेव. लागेल."

त्या माणसाने कार्ड काढून दिलं. मॅलकीने ते घेतलं. बाटली दुसऱ्या हातात होती. अट्राक्टाच्या कबरीशेजारी आणखी एका माणसापुरतं गवत राखलेलं होतं, आणि चौघे त्यावर पाय न देता वळसा घालून निघून गेले.