पिंपातला चेहरा

वीज पडून आमचं कोठार जळालं, तेव्हा सासरे एवढंच म्हणाले, "आता दारू लावायला हवी."

पेनसिल्व्हेनियाच्या या डोंगरात नवं कोठार उभारायला अख्खं खोरं धावून येतं. मजुरी कोणी घेत नाही, पण घरची राय धान्याची दारू नसेल तर दुपारनंतर तुळईला हात लावायला कोणी पुढं येत नाही. महिन्यावरचा दिवस ठरला होता. माझा नवरा एलायस लाकूड तोडायला वर रानात गेलेला. घरात मी, सासरे योस्ट आणि आगीतून वाचलेली तीन पोती राय. त्यातल्या अर्ध्या पोत्याला मोड आणून, वाळवून, मी दळून ठेवलं होतं. दारूचं रसायन फसलं तर दुसरं धान्य नव्हतं.

दारू लावायच्या आदल्या दिवशी मामंजींनी टेबलावर खडूनं सगळं मांडायला घेतलं. पाणी किती बादल्या, पीठ किती, मोडाचं किती.

"थोडा मका घालायचा?" मी मुद्दाम विचारलं.

"मका डुकरांना घाल. नाहीतर तुझ्या माहेरी पाठव."

मी हसत वाकून पाहिलं. तिसरी ओळ त्यांनी पहिलीवरच लिहिली होती आणि चौथी दुसरीवर. कपाला लागणारे धक्के, गालावर राहिलेले खुंट, सगळं एकदम लक्षात आलं. मामंजींचे डोळे गेले होते. आणि ते कोणाला सांगणार नव्हते. सुंभ जळाला तरी पीळ जात नाही!

आमच्याकडची रीत अशी : उकळतं पाणी पिंपात ओतायचं आणि वाफ विरून त्यात आपला चेहरा स्वच्छ दिसेपर्यंत थांबायचं. मगच पीठ. घाई केली तर मोड पोळून मरतात, पिठाची साखर होत नाही आणि हाती नुसती खळ येते. चाळीस वर्षं त्या पिंपात मामंजींचाच चेहरा दिसत आला होता. दुसऱ्या कोणाला ते वाकूही देत नसत.

सकाळी पाणी ओतलं. मामंजी वाकले. पिंपाची पलीकडची कडसुद्धा मला वाफेत दिसत नव्हती.

"दिसला," ते म्हणाले. "ओत."

टोपली माझ्या हातात होती. "मामंजी, मला नाही दिसत."

"तुला कशाला दिसायला हवा? मला दिसला ना?"

"लग्नाला नऊ वर्षं झाली. दर वेळी तुम्हालाच दिसतो आणि मी नुसती टोपली धरून उभी. तुमच्या मागं मी काय पिंपाला विचारू? आज माझा चेहरा दिसेपर्यंत पीठ पडणार नाही."

"भांडखोर आहेस, सलोमे."

"तुमच्याच मुलानं पसंत केलीय."

पिंपाची कड त्यांनी घट्ट धरली होती. वाटलं, आता टोपली हिसकावतात. हिसकावली असती तर मी दिली असती, खोटं कशाला बोलू? त्यांना तोंडावर आंधळं म्हणायची माझी छाती नव्हती.

"बरं," ते म्हणाले. "तू सांग."

आम्ही दोघं वाकून उभे राहिलो. आधी नुसता पांढरा धूसरपणा. मग माझं कपाळ दिसलं, नाक दिसलं, शेवटी डोळे.

"आता!"

मी पीठ ओतत गेले, ते ढवळत गेले. हाताला अजून तीच ताकद होती. झाकण लावून पिंपाला गोधडी गुंडाळली. पुढच्या दोन तासांत मी एकाच घेवड्यात दोनदा मीठ घातलं.

झाकण काढलं तेव्हा वरचं चिकट पीठ सुटून पातळ झालं होतं. मामंजींनी बोट बुडवून चाटलं. मी घाईनं चमचा घातला. गोड होतं, चांगलं घशाला लागेल इतकं गोड! माझा जीव भांड्यात पडला. तिथंच जमिनीवर बसून मी हसले आणि रडलेही.

"सलोमे," मामंजी हळूच म्हणाले, "मघाशी पाण्यात तुझ्या शेजारी मीपण होतो का?"

"होता की."

"कसा दिसत होतो?"

"डाव्या गालावर दाढी राहिलीय. चांगली चार दिवसांची."

त्यांनी तेच चिकट बोट गालावरून फिरवलं आणि आगीनंतर पहिल्यांदा मोठ्यानं हसले.

"मग वस्तरा आण," ते म्हणाले. "तूच कर. मला दिसत नाही."