दुसरी किल्ली

लॉंड्रीच्या काउंटरवर बसणाऱ्या ताईंना अठ्ठेचाळीस वर्षांत स्वतःच्या घराची किल्ली कधी लागलीच नव्हती. आई घरात असायची. गुडघे कितीही दुखोत, घंटा वाजली की भिंतीला धरत धरत यायची आणि आतून कडी काढायची. गेल्या वर्षी आई गेली, तेव्हा कुठे ताईंच्या पर्समध्ये किल्ली आली.

एका रविवारी दुपारी त्या कचऱ्याची पिशवी खाली ठेवायला गेल्या. वर येतात तो दार वाऱ्यानं आपटून बंद झालेलं. किल्ली आत, फोन आत, पायात घरातल्या सपाता. खालच्या मजल्यावरच्या बाईंशी एवढ्या वर्षांत मान हलवण्यापलीकडे ओळख नव्हती, पण त्यांनीच किल्लीवाल्याला फोन करून दिला.

किल्लीवाला आला, पेटी उघडून बसला. "आत कुणी नाही?"

"नाही."

"दुसरी किल्ली कुणाकडे ठेवलीय?"

ताई पायातल्या सपातांकडे बघू लागल्या. त्याला असल्या उत्तराची सवय असावी. "कुलूप फोडावं लागेल," म्हणाला आणि ड्रिल लावलं. जाताना नव्या कुलपाच्या तीन किल्ल्या त्यानं त्यांच्या हातावर ठेवल्या. "एक जवळ ठेवा, एक घरात, आणि एक विश्वासाच्या माणसाकडे. रविवारी मला अशी चार-पाच दारं असतात, ताई. सगळी एकट्या माणसांची."

तिसरी किल्ली आठवडाभर पर्समध्ये फिरली. भाऊ राहायचा तो दोन दिवसांच्या प्रवासाइतका लांब. जुन्या मैत्रिणीला अचानक फोन करून 'माझी किल्ली ठेवतेस का' म्हणायचं, तर आधी सहा वर्षं फोन का नाही केला तेही सांगावं लागणार. एकेक नाव आठवायचं आणि बाजूला ठेवायचं, असं चाललं होतं.

पण किल्लीवाल्याच्या त्या 'चार-पाच दारं'नी त्यांच्या डोक्यात भुंगा सोडला. एकट्या माणसाचं गाठोडं ताईंना न सोडताही ओळखता यायचं. एक चादर, एक अभ्रा, एक टॉवेल. कॉलरच्या आत शाईनं आकडे घालताना त्यांनी त्या आठवड्यात सहज मोजलं. अशी सव्वीस गाठोडी निघाली. लॉंड्री सकाळी सातला उघडते, रात्री नऊला बंद होते. काउंटरवर माणूस असतंच. मग या सव्वीस जणांची दुसरी किल्ली इथे का राहू नये?

त्यांनी मालकांना विचारलं. मालक हिशेबी, पण मनानं वाईट नव्हते.

"ताई, आपण कपडे धुतो," ते म्हणाले. "उद्या कुणाकडे चोरी झाली तर पहिलं बोट कुणाकडे दाखवतील? नसती बला गळ्यात कशाला?"

एरवी ताईंनी विषय तिथेच सोडला असता. आयुष्यभर त्यांनी सांगितलेलं काम चोख केलं होतं. न सांगितलेलं काम करायचं असतं हेच त्यांना ठाऊक नव्हतं. पण घरी बोलायला कुणी नसलं की माणूस एकाच गोष्टीशी फार वेळ बोलत बसतो. मालक 'नाही' म्हणाले ते सोडा, का 'नाही' म्हणाले? चोरीला भितात. मग किल्लीवर पत्ताच नसला तर? चोराच्या हाती किल्ली लागली तरी तो कुठलं दार उघडणार?

दुसऱ्या दिवशी त्या पाकिटांचा गठ्ठा घेऊन आल्या. पाकिटावर फक्त नंबर. चिकटवलेल्या जागेवर गिऱ्हाइकाची आडवी सही, म्हणजे कुणी उघडलं तर कळणार. आणि किल्ली परत न्यायला एक टोकन.

मागे इस्त्री करणारे काका हे सगळं ऐकत होते. ते इस्त्री उभी करून हसायला लागले. "ताई, घराबाहेर अडकलेल्या माणसाच्या खिशात टोकन कुठून येणार हो? ते तर किल्लीशेजारीच आत पडलेलं असणार!"

मालकही हसले. ताईंचे कान लाल झाले, पण क्षणभरानं त्याही हसल्या. काकांचं खरंच होतं. संध्याकाळपर्यंत टोकनाऐवजी शब्द ठरला. प्रत्येकानं फक्त त्यालाच सुचेल असा एक शब्द पाकिटात चिठ्ठीवर लिहून ठेवायचा. न्यायला येईल तेव्हा तो काउंटरवर सांगायचा. पाकीट फोडून चिठ्ठी पाहायची, जुळला तर किल्ली द्यायची.

"महिनाभर करून बघा," मालक शेवटी म्हणाले. "कपाट माझं, जबाबदारी तुमची."

एक नंबरच्या पाकिटात ताईंनी स्वतःची तिसरी किल्ली घातली. ठेवायला विश्वासाची जागा दुसरी नव्हतीच.

भिंतीवर पाटी लावली. 'तुमची दुसरी किल्ली आमच्याकडे सुरक्षित.' तीन आठवडे लोक पाटी वाचायचे, कपडे घ्यायचे आणि जायचे. मालक बोलत नव्हते, पण पाटीकडे बघून घसा खाकरायचे. ताईंना वाटलं, आपलीच हौस होती, झालं. मग एकदा त्यांनी एका गिऱ्हाइकाला नीट पाहिलं. तो पाटी वाचत होता, आणि रांगेतल्या बाईची नजर त्याच्यावर पडताच त्यानं झटकन मान वळवली. ताईंच्या ध्यानात आलं. चारचौघांत किल्ली पुढे करणं म्हणजे 'मला कुणी नाही' असं ओरडून सांगण्यासारखं. त्यांनी स्वतः तरी ठेवली असती का अशी किल्ली चार लोकांसमोर?

पाटी खाली उतरली. त्यानंतर काउंटर मोकळा असला की चादरीची घडी देता देता ताई हळूच म्हणायच्या, "दुसरी किल्ली कुठे ठेवायची असा प्रश्न पडला तर सांगा. मी माझी इथेच ठेवलीय."

पहिली आली रात्रपाळीची नर्स. "खरंच तुमची ठेवलीय?" तिनं विचारलं. ताईंनी पाकीट दाखवलं. नर्सनं दुसऱ्याच दिवशी किल्ली आणून दिली. चार महिन्यांत कपाटात एकोणीस पाकिटं झाली. मालक आता नव्या गिऱ्हाइकांना सांगू लागले, "ही आमची एक कल्पना आहे." इस्त्रीवाले काका ताईंकडे बघून डोळा मिचकावायचे.

वर्षाच्या आत नर्सनं पाकीट परत मागितलं. बहीण तिच्याकडे राहायला येणार होती. "एकदाही उघडायची वेळ आली नाही," ती म्हणाली, "पण इथे आहे एवढ्यानंच झोप लागायची बघा." ताई म्हणाल्या, "बरं झालं, घरात माणूस आलं." खरोखर बरं वाटलं त्यांना. तरी त्या दिवशी दोन वेळा त्यांनी गाठोड्यावर चुकीचा नंबर टाकला.

एक गोष्ट मात्र त्यांना टोचत होती. दारं लागतात रविवारी, आणि रविवारी लॉंड्री बंद. त्यांनी मालकांकडून शटरची किल्ली मागून घेतली, पाकीटवाल्या गिऱ्हाइकांना सांगून ठेवलं आणि रविवारी दुपारी दोन ते पाच दुकानात बसू लागल्या. यंत्रं बंद असली की दुकान केवढं मोठं वाटायचं. बरेचसे रविवार कुणीच यायचं नाही. घरी बसण्यापेक्षा बरं, असं त्या इस्त्रीवाल्या काकांना सांगायच्या. ते नुसते 'हं' म्हणायचे.

अशाच एका रविवारी सात नंबरच्या पाकिटाचं गिऱ्हाईक आलं. नकाशे काढण्याच्या नोकरीतून निवृत्त झालेले गृहस्थ, शर्टाचं वरचं बटणही लावलेलं, पण पायात बूट नव्हते.

"दार लागलं," ते ओशाळून म्हणाले.

"माझंही लागलं होतं. बसा. शब्द सांगा."

ते बाकावर बसले. तोंड उघडलं, पण शब्द बाहेर येईना. ताईंना वाटलं, विसरले असतील.

"विसरलो नाही," ते म्हणाले. शर्टाचं वरचं बटण सोडलं. मग एक नाव घेतलं. घरात लाडानं हाक मारावी तसं छोटंसं, दोनच अक्षरी नाव. रिकाम्या दुकानात ते उगाच मोठं वाटलं.

ताईंनी पाकीट फोडलं. चिठ्ठीवर, सरळ रेषेत, तेच लिहिलेलं होतं.

"बायकोचं," ते म्हणाले. "लिहिताना काही वाटलं नव्हतं. मोठ्यानं म्हटल्याला सहा वर्षं झाली."

ताईंनी किल्ली पुढे केली. तासाभरानं ते बूट घालून परत आले, किल्ली पुन्हा ठेवायला. ताईंनी नवं पाकीट काढलं.

"शब्द बदलू का?" त्या गृहस्थांनी विचारलं. "पुढच्या वेळी तुम्हाला इतकं थांबावं लागणार नाही."

"तुमची इच्छा. मला थांबायला काही नाही, पाचपर्यंत असते मी."

ते पेन हातात धरून बसले. मग तेच नाव पुन्हा लिहिलं, पाकीट चिकटवलं, वर आडवी सही केली. लगेच उठले मात्र नाहीत. ताईंनीही घाई केली नाही. बाहेरून एखादी गाडी जायची, तेवढाच आवाज.

पाच वाजता ताईंनी शटर ओढलं. खाली अडकलं तिथे त्या गृहस्थांनी हात लावला. मग ते डावीकडे गेले आणि ताई उजवीकडे.