चौदाव्या धड्यातली आकृती

जीवरसायनाच्या तोंडी परीक्षेत भाची दुसऱ्यांदा नापास झाली. तिसरी संधी महिन्याने होती, आणि तीच शेवटची. ती हुकली की तीन वर्षं पाण्यात.

तिची आत्या त्याच कॉलेजात बारावीला रसायनशास्त्र शिकवायची. संध्याकाळी स्वयंपाकघराच्या टेबलावर तिने उलटतपासणी घेतली.

"काय विचारलं सरांनी?"

"दुधात आम्ल घातलं की त्यातलं प्रथिन का साकळतं."

"मग?"

"म्हणाले, आधी अमिनो आम्ल काढ. काढलं. म्हणाले, यावर विद्युतभार कुठाय? म्हटलं, नाहीच. मग म्हणाले, भार नाही तर आम्ल पडेपर्यंत ही प्रथिनं एकमेकांपासून लांब का राहतात?"

"अगं, पाण्यात अमिनो आम्लाचं एक टोक प्रोटॉन सोडतं, दुसरं पकडतं. दुधातल्या प्रथिनावर ऋणभार जास्त, म्हणून ती एकमेकांना ढकलतात. आम्लाने तो भार मिटला की चिकटतात. बारावीत आम्लांचा तिसरा धडा मी घोकून घेतला होता तुझ्याकडून. काखेत कळसा नि गावाला वळसा!"

भाची उठली आणि कपाटावरच्या खोक्यातून बारावीची वही घेऊन आली. चौदावा धडा. अमिनो आम्लाची दोन्ही टोकं कोरी, ना अधिक ना उणे. शेजारी लाल शाईत 'छान', खाली आत्याची सही.

"तिसरा धडा तुझा, चौदावाही तुझा. मी फक्त पाठ केलं."

"पुढे नीट शिकाल, असं सांगितलं होतं मी."

"पुढचे सर म्हणतात, हे मागेच व्हायला हवं होतं."

आत्याने वही मिटली, पुन्हा उघडली. सोळा वर्षं ती ही आकृती अशीच काढत आली होती. "पेन दे," ती म्हणाली. त्या संध्याकाळी भाचीने वीस अमिनो आम्लं भारासकट काढली. अकरा चुकली, हात जुन्याच वळणावर जायचा. महिनाभर रोज काढली.

तिसऱ्या परीक्षेच्या दिवशी आत्या वर्गात नेमकी चौदाव्या धड्यावर होती. तोंडी आटोपून भाची दारात आली, हवेत बोटाने एक अधिक आणि एक उणे काढलं, हसली आणि गेली.

आत्याने फळा पुसला. पुस्तकातली आकृती काढली, शेजारी भार दाखवून दुसरी. दूध, आम्ल, तिसरा धडा, सगळं जोडून दाखवलं.

पहिल्या बाकावरच्या मुलीने हात वर केला. "मॅडम, परीक्षेत कोणती काढायची?"

आत्या दर वर्षी बोर्डाचे पेपर तपासायची. नमुना उत्तर तिला पाठ होतं: आकृती पुस्तकाप्रमाणे, दोन गुण.

"पहिली."

"मग दुसरी कधी लागेल?"

"तीन वर्षांनी," आत्या म्हणाली, आणि तिच्यासमोर पन्नास पेनं एकदम खाली ठेवली गेली.

"उचला ती," ती ओरडली. "पेनं उचला!"